अन्नभोगापासून कॅलरीपर्यंत : बडोद्याच्या ताटाचा मागोवा

१९३९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरातून गायकवाड ओरिएंटल सिरीजमधला ८४ वा ग्रंथ बाहेर पडला. तो होता 'मानसोल्लास'चा दुसरा खंड, संपादक श्रीगोंदेकर. पहिला खंड १९२५ मध्येच आला होता. ज्यांच्या आश्रयाने ही माला सुरू झाली ते महाराजा सयाजीराव (तिसरे) त्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी, निवर्तले. मूळ ग्रंथ मात्र आठशे वर्षे जुना. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर (तिसरा) याने तो ११२९ ते ११३१ च्या सुमारास रचला. राजाने काय भोगावे, याची यादी देताना सोमेश्वराने स्नान, तांबूल, विलेपन, वस्त्रे आणि फुलांच्या माळा यांच्याच रांगेत 'अन्नभोग' बसवला. उडदाची इडरिका (तिच्यात तेव्हा तांदूळ नव्हता), धोसक, वटिका, मांडे, शिखरिणी असे कितीतरी पदार्थ त्यात येतात. शिवाय कोणत्या ऋतूत कोणता रस प्रधान ठेवावा, वसंतात तिखट, ग्रीष्मात गोड आणि थंड, हेमंतात स्निग्ध आणि उष्ण, हेही तो सांगतो. आज आपण जिभेचे सुख एका कपाटात आणि तब्येत दुसऱ्या कपाटात ठेवतो. सोमेश्वराच्या ग्रंथात ती दोन्ही एकाच अध्यायात नांदतात. ती वेगळी कशी आणि कधी झाली, याचा माग काढण्यासाठी बडोद्याइतके सोयीचे गाव मला दुसरे दिसत नाही, कारण या वाटेवरची बरीचशी वळणे याच गावाला स्पर्श करून गेली आहेत.

सोमेश्वरानंतर साडेपाचशे वर्षांनी आपण तंजावरला येतो. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी तिथे राज्य करीत होते आणि त्यांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे मराठी पंडित होते. त्यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी पुढे या विस्मृत ग्रंथकाराचा काळ आणि परिचय चिकाटीने निश्चित केला. नवहस्तांची पद्धत अशी की धान्य, डाळ, भाजी, पक्वान्न एकेक घ्यायचे आणि त्याचे गुणदोष आयुर्वेदाच्या आधारे सांगायचे. जिलबीलाही ते वगळत नाहीत. पदार्थ शरीरात काय करतो हे सांगणे आणि तो कसा करायचा हे सांगणे, ही दोन कामे त्यांच्या लेखणीला एकच वाटतात. तंजावर आणि बडोदे या दोन मराठी राजधान्यांचा संबंध पुढे १८८० मध्ये लग्नाने जुळला. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी, पहिल्या चिमणाबाई, तंजावरच्या होत्या आणि त्यांच्याबरोबर तिकडची नृत्यकला बडोद्यास आली, हे सर्वश्रुत आहे.

पण बडोद्याची मराठी चूल त्याच्या कितीतरी आधी पेटली होती. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात सोनगडला ठाणे बसवले. १७३२ मध्ये डाकोरला त्यांचा खून झाला आणि दोन वर्षांनी, १७३४ मध्ये, दमाजीरावांनी बडोदे कायमचे घेतले. शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, सावकार अशी देशावरची आणि कोकणातली घराणी मग पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या वस्त्यांत ती रुजली आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत हळूहळू गुजरात शिरला. बाजरी घरचीच होती, तिच्या शेजारी ढेबरे आले. उरलेल्या भाताचे मुठिये होऊ लागले, पुरणपोळीला शेजारणीची वेढमी भेटली, हुरड्याला पोंक भेटला. उलट दिशेनेही प्रवास झाला. बडोद्याचे सेव-उसळ आज सगळा गुजरात ओळखतो, आणि त्या वाटाण्याच्या उसळीवरची लालभडक तरी कुठून आली हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. या शहराचे 'घरचे जेवण' म्हणजे दोनशे-अडीचशे वर्षांची देवघेव होय. परंपरा म्हणजे न बदलणारी गोष्ट, असे जे समजतात त्यांनी बडोद्याच्या एखाद्या जुन्या मराठी घरातले रोजचे ताट बघावे.

आता १८६३ या वर्षाजवळ जरा थांबू. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी एका शेतकरी गायकवाड कुटुंबात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. तोच पुढचा सयाजीराव. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम बँटिंग या गृहस्थाने स्थूलपणावर एक पत्रवजा पुस्तिका छापली. बँटिंगचा धंदा अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा. डॉ. विल्यम हार्वी यांच्या सल्ल्याने त्याने पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे सोडले, वजन उतरले, आणि आपला अनुभव त्याने लोकांपुढे ठेवला. पुस्तिका हातोहात खपली. सामान्य वाचकाने स्वतःच्या शरीरावर करावयाच्या 'डाएट'चे हे पहिले लोकप्रिय पुस्तक मानले जाते. पुढे दीडशे वर्षे चाललेल्या सगळ्या पुस्तकांचा साचा त्यात दिसतो: आधीचे वजन, नंतरचे वजन, वर्ज्य पदार्थांची यादी आणि सुटकेची कहाणी. त्यानंतर बारा वर्षांनी, १८७५ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. बारा वर्षांचा गोपाळ दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, आणि रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापून आले. पाकक्रियेवरील पहिले छापील मराठी पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. लंडनच्या पुस्तकात काय सोडावे हे होते, आपल्या पुस्तकात काय करावे हे होते. दोन्ही रस्ते तेव्हा एकमेकांना माहीतही नव्हते.

सयाजीरावांच्या राज्यात अन्नाचा प्रश्न वेगळाच होता. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, 'छप्पनियो' दुष्काळ गुजरातने पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवला. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. ज्या लोकांनी ही दहा वर्षे पाहिली त्यांच्या दृष्टीने बारीक होणे हे संकटाचे लक्षण होते. तब्येत 'सुधारली' म्हणजे अंगावर मांस चढले, असा अर्थ आपल्या आजीपर्यंत टिकला तो उगाच नव्हे. आणखी एक गोष्ट या काळाच्या हिशेबात धरलीच पाहिजे. घरचे अन्न सर्वांच्या वाट्याला नव्हते, कारण घरच सर्वांना मिळत नव्हते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीला रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहाच्या ओसाड माडीवर त्यांनी एकट्याने दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही घालवले. सोवळ्यातल्या स्वयंपाकाचे गोडवे गाताना त्या स्वयंपाकाने कोणाकोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हे विसरता येणार नाही.

याच काळात बडोद्यात एक मराठी कुटुंब राहत होते. नरहर शंभुराव भावे कोकणातल्या गागोद्याचे, रंगकामाचे जाणकार, विज्ञानावर श्रद्धा असलेले. पत्नी रुक्मिणीबाई. मुलगा विनायक, म्हणजे पुढचे विनोबा. विनोबांनी पुढे सांगितलेली एक आठवण या मागोव्यात मला फार मोलाची वाटते. आईने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. रोज मूठभर तांदूळ घेऊन ती एकेक दाणा वाही. वडिलांनी सुचवले की एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यातले दाणे मोजावेत, त्या हिशेबाने लाखाचे वजन काढावे आणि कमी पडू नये म्हणून थोडे जास्त घालावेत. युक्तिवादात चूक काढता येईना आणि मनाला तर पटेना, म्हणून तिने मुलाला विचारले. विनायकाने सांगितले की हे गणिताचे काम नव्हे, प्रत्येक दाण्याबरोबर मन देवाकडे जावे यासाठी ही मोजणी आहे. आईचे समाधान झाले. बडोद्याच्या त्या घरात धान्य मोजण्याच्या दोन रीती समोरासमोर आल्या होत्या, आणि दोन्ही प्रामाणिक होत्या. वडिलांची रीत त्या शतकात जिंकणार होती.

कारण अमेरिकेत ती आधीच जिंकू लागली होती. विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात माणूस आत राहू शकेल अशी मोठी कॅलरीमापक खोली बांधली आणि पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थांपासून किती उष्मा मिळतो याचे आकडे ठरवले. वेष्टनांवर आजही जो हिशेब छापला जातो तो त्याच्याच ४-४-९ या आकड्यांवर उभा आहे. त्याचा हेतू मात्र आजच्या वाचकाला चकित करील. मजुराच्या कुटुंबाला कमी पैशांत जास्त पोषण कसे मिळेल, हे त्याला शोधायचे होते. कॅलरी ही भुकेल्यासाठी केलेली मोजणी होती. तिचे हात १९१८ मध्ये बदलले. लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टरबाईंनी कॅलरीवर एक पुस्तक लिहून वाचकांना शिकवले की पावाची चकती न म्हणता शंभर कॅलरी पाव म्हणा. बारीक होण्यासाठी कॅलरी मोजण्याची सवय तिथून घराघरांत गेली. रुक्मिणीबाई भावे त्याच १९१८ साली बडोद्यात वारल्या.

बडोद्यात शरीराची उपासना तेव्हा निराळ्या रीतीने चालली होती. जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा चालवणारे राजरत्न माणिकराव तरुणांना मल्लखांब, कुस्ती, लाठी शिकवीत. तिथे खुराकाचा विचार होता, पण तो ताकद कमावण्यासाठी. जवळच्या डभोईत १८८३ मध्ये जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे शिकले. स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनीच १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. आबासाहेब मुजुमदारांचा दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ पासून बडोद्यातूनच निघू लागला. या सगळ्या परंपरेत मिताहार आहे, उपवास आहे, चातुर्मासात कांदा-वांगे सोडण्यापूर्वीची चमचमीत कांदेनवमीही आहे. सोडणे आणि भोगणे पंचांगाने वाटून दिले होते, त्यामुळे एकाला दुसऱ्याची लाज वाटत नव्हती.

आता आपण प्रयोगशाळेत जाऊ. निलगिरीत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये सुरू केलेल्या कामातून पोषणसंशोधनाची संस्था उभी राहिली. त्यांचे उत्तराधिकारी डब्ल्यू. आर. अ‍ॅक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ज्वारी, बाजरी, नाचणी, शेवगा, राजगिरा यांना आकड्यांत मान मिळाला. इथेही हेतू उपासमारीशी झुंजण्याचाच होता, आणि अ‍ॅक्रॉइड पुढे बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगावर होते. पण त्याच १९३७ मध्ये बाजारात 'डालडा'ही आला. स्वस्त, टिकाऊ आणि दिसायला तुपासारखा असलेला हा डबा पुढची पन्नास वर्षे घरोघर पोचला. घरच्या लोण्याच्या तुपाला आरोग्याच्या नावाने बाजूला सारण्याचे काम त्याने आणि नंतरच्या रिफाइंड तेलांनी मिळून केले. कुन्नूरची संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

स्वातंत्र्यानंतर बडोद्याने या शास्त्राला घराचा पत्ता दिला. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. कुलगुरू हंसाबेन मेहता, बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. त्यांच्या कारकिर्दीत गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली आणि अन्न व पोषण हा तिथला एक प्रमुख विभाग झाला. स्वयंपाक हा विद्यापीठात शिकण्याजोगा विषय आहे, हे मान्य होणे सोपे नव्हते. याच विद्यापीठात आर. राजलक्ष्मी आल्या. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्रात पीएच. डी. केली होती, पण बडोद्यात त्यांनी आयुष्य पोषणावर खर्च केले. त्यांचे 'अप्लाइड न्यूट्रिशन' हे पुस्तक भारतीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. पाश्चात्त्य तक्ते जसेच्या तसे भारतीय मुलांना लावण्यापेक्षा इथे मिळणारे स्वस्त धान्य, डाळ, हिरव्या पालेभाज्या यांच्या योग्य मिश्रणाने पोषण कसे साधेल, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. १९६७ मध्ये त्यांनी आणि वनजा यांनी इडली व खमण यांच्या पिठाच्या आंबवण्यामुळे पोषणमूल्यात काय फरक पडतो यावरचा निबंध 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये प्रसिद्ध केला. ज्या शहराने सोमेश्वराची इडरिका छापली त्याच शहरात तिच्या नातीची तपासणी झाली आणि ती पसंत ठरली. राजलक्ष्मींचे चिरंजीव व्यंकटरमण रामकृष्णन यांना २००९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा बडोद्याला आनंद झाला. आईच्या कामाची आठवण त्या गर्दीत थोडी मागे पडली, ही खंत मला आहे.

राजलक्ष्मींच्या हातात आकडा घरच्या अन्नाची बाजू घेऊन बोलत होता. बाजारात तोच आकडा दुसऱ्याच कामाला लागला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा खायला कसे घालावे, हे समजून घेण्यासाठी हा प्रयोग होता. त्या तरुणांना दिवसाला दीड हजारांहून अधिक कॅलरी मिळत होत्या, म्हणजे आजच्या अनेक 'डाएट चार्ट'पेक्षा जास्त. तरीही ते खिन्न झाले, थंडीने कुडकुडू लागले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. याच कीज यांनी १९७२ मध्ये वजन-उंचीच्या एका जुन्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. बेल्जियन गणिती क्वेटले यांचे ते १८३० च्या दशकातले सूत्र लोकसमूहांच्या पाहणीसाठी होते. पुढे त्यावर एकेका माणसाचा निकाल लावला जाऊ लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे एक छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३ होता. चरबीचे प्रमाण मात्र एकाचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के होते. काट्याने सांगितलेली गोष्ट अर्धीच असते, हे एका फोटोने दाखवून दिले.

नव्वदीनंतरचा रस्ता आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तिथून झपाट्याने पुढे जाऊ. तूप गेले, मग भात गेला, मग बटाटा, मग पोळी. ओट्स आले, शेक आले, कीटो आला. मराठी घरांत गेल्या दहा वर्षांत दिवसातून दोनदा जेवावे की दर दोन तासांनी, यावर डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांची नावे घेऊन घरोघरी वाद झडले. दिवेकरांनी २००९ पासून तूप, भात आणि स्थानिक धान्यांची बाजू पुन्हा मांडली, हे मोठे काम होते. तरी वादाचे रूप पाहता कोणते ताट निवडावे यापेक्षा कोणत्या नियमाला शरण जावे हाच प्रश्न लोक विचारत होते, असे मला वाटते. दरम्यान ब्राझीलमध्ये कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची निराळी वर्गवारी सुचवली. त्यात किती कॅलरी हा प्रश्न मागे पडला आणि अन्न कुठे, किती प्रक्रिया होऊन तयार झाले हा प्रश्न पुढे आला. ब्राझीलच्या २०१४ च्या आहारमार्गदर्शिकेने ताजा स्वयंपाक करा आणि शक्य तर चारचौघांबरोबर जेवा, असे सांगितले. २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांनी अमेरिकेत वीस जणांवर काटेकोर प्रयोग केला. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी आणि तंतू सारखे असूनही अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर ही माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. मे २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नव्या मार्गदर्शिकेनेही अतिप्रक्रियायुक्त अन्नापासून सावध केले. शंभराहून अधिक वर्षांच्या मोजणीनंतर शास्त्र पुन्हा चुलीजवळ आले आहे.

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण अशा वेळी डॉक्टरांनी दिलेला हिशेब पाळलाच पाहिजे. ज्या वस्त्यांत आजही मुले कमी वजनाची जन्मतात तिथे तर मोजणीची गरज पूर्वीइतकीच आहे. आकडा त्यांच्यासाठीच जन्मला होता आणि त्यांच्याकडेच त्याने परत जावे, असे माझे मत आहे. ज्यांच्या घरात दोन वेळचे ताजे जेवण शिजते, ज्यांना वरणभात, भाकरी, पालेभाजी, ताक, कोशिंबीर आणि सणाची पुरणपोळी मिळते, त्यांनी प्रत्येक घासाचा जबाब देण्याचे कारण नाही. एक अट मात्र मी घालीन. हे ताट शिजवण्याचे काम सगळ्या घराने वाटून घ्यावे. 'घरचे अन्न' म्हणताना ज्या बाईने सर्वांचे झाल्यावर उरलेले खाल्ले तिच्याच अंगावर सारा भार पुन्हा टाकायचा असेल, तर त्या परतीला अर्थ नाही. भाजी निवडणे, कणीक मळणे, ढोकळ्याचे पीठ रात्री भिजवणे ही कामे मुलांना आणि पुरुषांना येतात, शिकवावी मात्र लागतात.

आणि बडोद्यातल्या मराठी वाचकांना एक विनंती. आपल्या घरांत आजी-पणजीच्या हातच्या पाककृतींच्या वह्या असतील. त्यांत इकडच्या मराठी आमटीत गूळ किती, ढेबऱ्यांत मेथी किती, कोणत्या महिन्यात काय करायचे, हे लिहिलेले असेल. त्या वह्या रद्दीत घालू नका. कोणी, केव्हा, कोणाकडून शिकून लिहिले एवढी नोंद शेवटच्या पानावर करून त्यांच्या प्रती काढा, आणि एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या.